रियुनियन बेटाचं मॉडेल: पुठ्ठा, लगदा आणि उलटा पाऊस

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात मी भूगोल शिकवतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या सहा पोरांना घेऊन हिंद महासागरातल्या रियुनियन बेटाचं उठावाचं मॉडेल केलं. कुणाला असलं काही करायचं असेल तर आमच्या चुका तरी टळाव्यात म्हणून वहीतल्या नोंदी इथं उतरवतोय. जिथं डोकं लावलं नाही तेही लिहिलंय.

१८ नोव्हेंबर

विषय ठरला. पोरांना ज्वालामुखी हवा होता. मला सोडा-व्हिनेगरचा डोंगर नको होता, दर वर्षी प्रदर्शनात तसले सात-आठ असतात. रियुनियन घेण्याचं कारण, ते बेट आपल्याला अनोळखी असलं तरी परकं नाही. आपण विषुववृत्ताच्या वर १९ अंशांवर, ते खाली २१ अंशांवर. तिथं उसाचीच शेती. दगड आपलाच, बेसाल्ट. आणि एका डोंगरामुळं एक बाजू भिजते, दुसरी वाळते. पर्जन्यछाया हा शब्द आमच्या पोरांना पाठ आहे, त्यांचं शेतच त्यात आहे.

आकारमान २५१२ चौरस किलोमीटर, म्हणजे बीड जिल्ह्याचा साधारण पाव भाग. एवढ्याशा जागेत ३०७१ मीटरचा पितों दे नेज आणि त्याच्या आग्नेयेला २६३२ मीटरचा, अजून जागा असलेला पितों द ला फूर्नेझ. पहिला थंड झाला त्याला हजारो वर्षं झाली.

प्रमाण १:५०,०००. एक किलोमीटर म्हणजे २ सेंमी. याच मापानं सगळ्यात उंच शिखर ६ सेंमी येतं, लांबून टेकाड वाटेल. पोरं म्हणाली पाचपट करू. मागं एकदा मी महाराष्ट्राच्या नकाशात सह्याद्री पाचपट केला होता, तो डोंगर न दिसता वाड्याची भिंत दिसत होता. दुप्पट ठरवलं. शिखर १२ सेंमीच्या थोडं वर.

२१ नोव्हेंबर

पहिली चूक माझी. बेट ६३ बाय ४५ किलोमीटर असं वाचलं आणि तेवढ्यावरच गावातल्या सुतारमामाकडून १२ मिमी प्लायचा साडेचार बाय साडेतीन फुटांचा तुकडा कापून घेतला. शीट १९०० रुपये. संध्याकाळी लॅबमधल्या कॉम्प्युटरवर नकाशा काढला तर उत्तर-दक्षिण ५७ किलोमीटर! बेट वायव्येकडून आग्नेयेकडं तिरकं पडलेलं आहे. उत्तर वर धरून चौकट आखली की ती जवळपास ६५ बाय ५७ ची होते, म्हणजे १३० बाय ११४ सेंमी. प्लाय १०७ सेंमी रुंद.

परत सुतारमामाकडं. त्यांनी कोपऱ्यातली अर्ध्या फुटाची पट्टी उचलली, म्हणाले, "गुरुजी, काल हीच तर कापली व्हती. तुम्हीच म्हणलाव, नको म्हणून." खालून दोन चिपा मारून तीच परत जोडली. मजुरी घेतली नाही, पण आता गावात भेटतील तिथं हसतात.

आधी नकाशा, मग फळी.

२५ नोव्हेंबर

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, काढायला उपग्रहाची उंचीची माहिती फुकट मिळते आणि क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. २५० मीटरचं अंतर ठेवलं, एकूण १२ पायऱ्या. त्यावर शिखराचं टोक.

छपाईत फसलो. शहरातल्या एका मल्टिसर्व्हिसेसमधून ए-थ्रीचे १६ कागद काढून आणले, ३२० रुपये. जोडायला बसलो तर एकाचा किनारा दुसऱ्याला लागेना. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला होता, प्रत्येक कागद थोडाथोडा आकसला आणि कडेची रेघ गेली. दुकानदाराचा दोष नाही, मी पट्टी लावून एकही कागद तपासला नव्हता. नकाशावर प्रमाणाची रेघ होती, ती मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तोडगा फ्लेक्सचा निघाला. पाच बाय चार फूट, १५ रुपये फुटानं ३०० रुपये, एका तुकड्यात, मापाला बरोबर. फ्लेक्सवाल्या पोरानं फाइल उघडली, बराच वेळ स्क्रीनकडं बघितलं आणि विचारलं, "सर, फोटो कुठं टाकायचाय? वाढदिवस कुणाचाय?"

२९ नोव्हेंबर

थर पुठ्ठ्याचे. भंगारवाल्याकडून फ्रिज-टीव्हीचे खोके, १२ रुपये किलोनं २२ किलो. पाच पदरी पुठ्ठा दाबून ५ मिमी भरतो, आमच्या मापात २५० मीटरला १० मिमी लागतात. म्हणून प्रत्येक पायरीला दोन पुठ्ठे.

फ्लेक्सखाली पुठ्ठा ठेवून रेघेवर दाभणानं टोचत जायचं, मग टिंबं पेनानं जोडून कटरनं कापायचं. सगळ्यात खालच्या पायरीला दोन पोरांचे तीन तास गेले. वरच्या पायऱ्या पटापट झाल्या.

पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या सगळ्या एकाच दिशेनं ठेवून पहिले चार थर चिकटवले. सकाळी सगळा ढीग पापडासारखा वर वळलेला. उचकटून एक थर आडवा, एक उभा असा पुन्हा लावला आणि वर पाण्याचे दोन ड्रम ठेवले. मग सरळ राहिला. अडीच तास आणि पाऊण किलो फेविकॉल वाया.

२ डिसेंबर

बेटाच्या मधोमध तीन खोलगट भाग आहेत: माफात, सालाझी, सिलाओस. जुन्या ज्वालामुखीचा माथा ढासळून आणि पावसानं कोरून हे झालेत. वरून पाहिलं तर पितों दे नेजच्या भोवती पत्त्यातल्या किलवरसारखे दिसतात. कडे हजार हजार मीटरचे, आमच्या मॉडेलवर ४ सेंमी. माफातमध्ये आजही गाडीरस्ता नाही. काहीशे माणसं राहतात, जायचं तर पायी किंवा हेलिकॉप्टरनं.

कापायला हाच भाग सगळ्यात अवघड. टीममधली एक पोरगी ब्लेडनं फार नीट कापते, तिच्याकडं दिला. तिनं दुपारी विचारलं, "सर, ह्या तिन्ही खड्ड्यांतलं पाणी कुठून बाहेर जातंय?" मी घाईत होतो. म्हणालो, पुढं बघू, आधी थर पूर्ण कर. पुढं काय झालं ते १७ तारखेला लिहिलंय.

तिनं संध्याकाळपर्यंत थर पूर्ण केले. दुसऱ्या दिवशी घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली. टोळी आधीच गेली होती, त्यांच्या घरी कुणाचं तरी दुखणं होतं म्हणून थांबले होते. लहान भावाला सांभाळायला कुणी नाही. मी घरी जाऊन आलो, हंगामी वसतिगृहाचं बोललो. तिची आई म्हणाली, पोरगं माझ्याशिवाय राहत नाही आन् मला कोयता सोडता येत नाही. पाच पोरं उरली.

५ ते ७ डिसेंबर

लगदा. जुन्या उत्तरपत्रिका आणि पेपर तीन दिवस भिजवले, उखळात कुटले. मी मैद्याची खळ घालणार होतो. खिचडी शिजवणाऱ्या मावशी बघत उभ्या होत्या, म्हणाल्या, "मेथी घाला सर. आम्ही सुपाला लिंपायचो तवा मेथी वाटून घालायचो." अर्धा किलो मेथी भिजवून वाटून घातली. लगदा लोण्यासारखा लागला, पायऱ्यांच्या कडा एका हातात भरल्या.

पण मेथी संपल्यावर पश्चिमेच्या किनाऱ्याला नुसत्या खळीचाच लगदा लावला. तेही लिहून ठेवतो.

९ डिसेंबर

रविवारनंतर कुलूप उघडलं तर किनाऱ्यावरचं सें-पॉल शहर गायब. उंदरांनी पश्चिम किनाऱ्याचा वीतभर तुकडा पुठ्ठ्यापर्यंत खाल्ला होता. मेथीच्या लगद्याला तोंडही लावलं नव्हतं. चवीला कडू म्हणून असेल, मावशी तर तेच म्हणतात.

पुन्हा लावताना खळीत मोरचूद घातलं, बुकबाइंडर घालतात तसं. हे विष आहे. पोरांना हात लावू दिला नाही, मी हातमोजे घालून केलं आणि उरलेलं पुरलं.

१२ डिसेंबर

ओल्या लगद्याच्या वजनानं प्लाय मधोमध खाली बसला आणि लगदा वाळताना सालाझीपासून सिलाओसपर्यंत एक सलग तडा गेला. १२ मिमी प्लायला खालून आधार लागतो हे सुतारमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता दोन आडव्या बॅटन मारल्या, १८० रुपये. तडा लगद्यानं भरला. थंडीत वाळायला चार दिवस लागले, उन्हात ठेवायचं तर शाळेत सावलीच जास्त.

१७ डिसेंबर

लगद्यावर व्हाइट प्रायमरचे दोन हात दिले. पाणी झिरपतंय का बघायला वरून तांब्यानं पाणी ओतलं आणि पोरं ओरडली. तीन तलाव झाले. माफात भरलं, सालाझी भरलं, सिलाओस काठोकाठ.

खरं तर या तिन्ही खोऱ्यांना दार आहे. माफातमधून रिव्हिएर दे गाले, सालाझीतून रिव्हिएर द्यु मा, सिलाओसमधून ब्रा द सिलाओस बाहेर पडते, आणि तिथल्या घळया इतक्या अरुंद आहेत की आमच्या मापात तळाशी तीन-चार मिलिमीटर. पुठ्ठा कापताना रेघा तिथं एकमेकींना चिकटल्या होत्या. पोरांनी दोन्ही कडा एकच समजून सरळ कापलं आणि वरून लगदा भरला. म्हणजे ज्या नद्यांनी ही खोरी कोरली त्यांनाच आम्ही बांध घातला.

तिनं विचारलं होतं तेव्हाच थांबायला हवं होतं. तेव्हा पुठ्ठा ब्लेडनं पाच मिनिटांत कापला गेला असता. आता वाळलेला लगदा, प्रायमर आणि सहा-सात थर फोडायला एक्सा ब्लेड हातात धरून तीन दिवस गेले. मामांची पटाशी आणली, ती पुठ्ठ्याच्या पदरात घुसून चिरा पाडते, नका वापरू. एक्सा ब्लेडचा अर्धा तुकडा, एका टोकाला सुतळी गुंडाळून, हेच चाललं.

२० तारखेला पुन्हा पाणी ओतलं. तिन्हीकडून धार समुद्रात गेली. टीममधल्या धाकट्या पोरानं खाली बादली धरली होती.

२१ डिसेंबर

लाव्ह्यासाठी खडी क्रशरवरून दगडाची डस्ट आणली, एक पिशवी, पैसे घेतले नाहीत. ती राखाडी निघाली. फूर्नेझचा ताजा लाव्हा काळाकुट्ट असतो. काळा ऑक्साइड मिसळला, मग जमलं.

एका पोरानं घरच्या विहिरीतून निघालेला दगड आणला. भोकाभोकांचा, काही भोकांत पांढरे स्फटिक. त्याच्या आजोबांनी विचारलं होतं, ह्या दगडाचा आन् त्या बेटाचा काय संबंध. संबंध असा. जमिनीच्या पोटात एक तप्त जागा आहे, वरचं कवच तिच्यावरून सरकत जातं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग तिच्यावर होता, तेव्हा लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले आणि दख्खनचा काळा दगड झाला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मग भारत उत्तरेला सरकत राहिला आणि त्या जागेच्या खुणा मागं पडत गेल्या: लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस. सध्या तिच्यावर रियुनियन आहे. भोकं म्हणजे लाव्ह्यातून सुटलेल्या वायूचे बुडबुडे. तो दगड प्रदर्शनात मॉडेलशेजारी ठेवला, डस्टही त्याच जातीची.

२२ ते २४ डिसेंबर

आता सगळ्यात लाजिरवाणी चूक.

मी दोन दिवस ट्रेनिंगला होतो. पोरांनी रंग देऊन टाकला. आलो तर पश्चिम उतार हिरवागार, पूर्वेकडं पिवळट तपकिरी. सुबक काम, कडा नीट मिसळलेल्या. आणि साफ उलटं.

विचारलं तर उत्तर तयार: "सर, पश्चिमेला समुद्र, पश्चिमेला पाऊस, डोंगराच्या पलीकडं कोरडं. महाबळेश्वर आणि आपण." पुस्तकातलं बरोबर होतं, बेट चुकलं होतं. आपल्याकडं पावसाचं वारं नैऋत्येकडून येऊन सह्याद्रीला धडकतं, म्हणून पश्चिम भिजते. रियुनियनला वर्षभर वारं येतं आग्नेयेकडून, व्यापारी वारं. त्यामुळं तिथं पूर्व भिजते. पूर्वेच्या वरच्या उतारांवर वर्षाला १० मीटरच्या वर पाऊस, आणि पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी अर्धा मीटर, आपल्या बीडपेक्षाही कमी. पश्चिमेला वाळलेल्या गवताची कुरणं आहेत.

आणि हे कमीजास्त उंचीप्रमाणंही होतं. दुपारपर्यंत उतारांवर ढग चढतात, साधारण दोन हजार मीटरच्या आसपास एक उबदार थर झाकणासारखा बसतो, ढग त्याखालीच अडकतात. त्याच्या वरचा माथा बऱ्याचदा कोरडा, निळ्या आकाशात. नोव्हेंबर-डिसेंबर ते एप्रिल तिथला पावसाळा आणि चक्रीवादळांचा काळ.

ऑइल पेंट दिला होता, पुसता येईना. पुन्हा प्रायमर, पुन्हा रंग. ४४० रुपये आणि तीन दिवस. पहिला रंग देण्याआधी मॉडेलवर वाऱ्याचा बाण खडूनं काढायचा, एवढं पुरलं असतं. आता बाण आहे, लाल, ठळक.

पोरांना एक गोष्ट फार आवडली. तिथं पूर्वेकडचं पाणी डोंगर पोखरून बोगद्यांनी पश्चिमेच्या कोरड्या शेतांकडं नेलंय. "म्हणजे झालं त्यांचं," एकजण म्हणाला. आमच्याकडं कृष्णेचं पाणी येणार येणार हे तो जन्मल्यापासून ऐकतोय.

२७ डिसेंबर

सोडा-व्हिनेगरचा हट्ट शेवटी मी मानला. शेंदरी रंग टाकून केलं. फेस फूर्नेझवरून उडून पितों दे नेजपर्यंत गेला आणि पूर्वेच्या हिरव्यावर शेंदरी डाग पडले.

शिवाय ते खोटंच. फूर्नेझ बहुतेक वेळा फुटून उडत नाही, भेगेतून पातळ लाव्हा वाहतो. घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या खोलग्यात तो वाहतो, पूर्वेला समुद्रापर्यंत. तिथून जाणारा किनारी रस्ता कैकदा लाव्ह्यानं तोडलाय, दर वेळी नव्यानं करतात. १९७७ मध्ये लाव्हा एका गावात शिरून चर्चच्या दारापर्यंत आला. २००७ च्या एप्रिलमध्ये तर माथ्यावरच्या दोलोमिय विवराचा तळच तीनशेहून जास्त मीटर खचला. आमच्या मापात १३ मिमी खोल, २ सेंमी रुंद. बोटाच्या पेराएवढा खड्डा एक्सा ब्लेडनं कोरला. पोरांनी लाल वायरची पातळ पट्टी त्यातून समुद्रापर्यंत चिकटवली. रस्ता म्हणून काळा दोरा, एका जागी मुद्दाम तोडलेला.

३० डिसेंबर ते ३ जानेवारी

पाऊस दाखवायचा होता. तीन प्रयत्न.

पहिला: कुकरची वाफ आणि टेबलफॅन. वाफ छताला गेली. १२ सेंमीच्या डोंगरावर हवा चढून गार होणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

दुसरा: बॅटरीचा फवारणी पंप, बारीक नोझल, पूर्वेकडून पंखा. बाटल्यांची २४ झाकणं मॉडेलवर टाचली. पाच मिनिटांत पूर्वेची झाकणं भरली, पश्चिमेला दोन-चार थेंब. पोरं खूष, मी नाही. हे फक्त आडोसा दाखवतं, भिंतीमागं पाणी उडत नाही तसं. डोंगर पाऊस पाडतो तो अडवून नाही, हवा वर ढकलून. वर दाब कमी, हवा फुगते, फुगली की गार होते, आणि गार हवेतली वाफ ढग होते.

तिसरा चालला: पाण्याची मोकळी लिटरची बाटली. तळाला दोन झाकणं कोमट पाणी, हलवायचं. बाटली जोरात दाबायची आणि एकदम सोडायची. पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही, तासभर दाबत बसलो. मग आठवलं की थेंबाला बसायला कण लागतो. उदबत्तीचा धूर एक झुरका आत सोडला, झाकण लावलं, दाबलं, सोडलं. आत पांढरा ढग. पुन्हा दाबली, ढग गेला.

सोडणं म्हणजे पूर्वेचा उतार. दाबणं म्हणजे पश्चिमेला उतरणारी हवा, दबते, तापते, ढग विरतो. मी हे सांगायच्या आत धाकटा बाटली दाबून धरून म्हणाला, "सर, हे धारूर." धारूर आमच्या बीड जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं.

आकड्यांसाठी सायकलच्या तारा कापून मॉडेलवर रोवल्या, १ सेंमीला १ मीटर पाऊस. पूर्वेच्या उतारावर १० सेंमीची तार, पश्चिम किनाऱ्यावर ५ मिलिमीटरची, ती टिकलीसारखी दिसते. शेजारी बीडची, साडेसहा मिलिमीटरची. लाल रंगाच्या दोन तारा विक्रमाच्या. ७ ते ८ जानेवारी १९६६ ला फॉक-फॉक इथं २४ तासांत १८२५ मिमी. आणि फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद चक्रीवादळात कोमर्सन विवरापाशी तीन दिवसांत ३९३० मिमी. आपला सहा वर्षांचा पाऊस. पोरांनी ही तार तीनदा मोजून बघितली.

५ जानेवारी

एकानं विचारलं, बेट तरंगतंय का. मग मॉडेलच्या खालचंही दाखवलं. समुद्राचा तळ तिथं चार किलोमीटरच्या खाली, म्हणजे आमच्या उंचीच्या मापात फळीखाली आणखी १६ सेंमी. टेबलाच्या पायांना तिथं निळी चिकटपट्टी लावली. तळाची रुंदी २०० किलोमीटरच्या वर. तेवढा चार मीटर रुंद खडूचा गोल वर्गाच्या फरशीवर काढला, बाकं सरकवावी लागली. हेडसर आत आले आणि विचारलं, लगोरी खेळताय का.

८ जानेवारी

तालुक्याला प्रदर्शन. पिकअपचे ९०० रुपये, सगळ्यात मोठा एकटा खर्च प्लायनंतर. शाळेच्या दारातून मॉडेल बाहेर निघेना, आडवं करून काढलं, दोन तारा वाकल्या. परीक्षकांनी विचारलं वर्किंग आहे का. बाटली दाबून दाखवली. उत्तेजनार्थ मिळालं.

एकूण खर्च ५,३७० रुपये. त्यात चुकांचा वाटा, म्हणजे वाया गेलेले प्रिंट, दुसऱ्यांदा दिलेला रंग आणि प्रायमर, फेविकॉल, सगळं धरून हजारभर. वेळेत चुकांचा वाटा जवळपास निम्मा.

१२ जानेवारी

ऊसतोडीला गेलेल्या पोरीला मॉडेलचे फोटो तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवले होते. पूर्वेच्या किनारपट्टीवर पोरांनी झाडूच्या काड्यांचा ऊस लावला होता, वर पांढऱ्या दोऱ्याचे तुरे, खाली पिवळी पाचट. सगळ्यांनी वाहवा केली होती, परीक्षकांनीसुद्धा.

रात्री तिचा आवाज आला, मागं ट्रॅक्टर चालू: "सर, तुम्ही म्हणलाव ना तिकडं आत्ता पावसाळा हाय. मग ऊस तुऱ्यावर कसा? वाढीला असंल तो. आन् पाणी जातंय का तिन्हीकडून?"

तपासलं. रियुनियनला तोड जुलै ते डिसेंबर. जानेवारीत ऊस उभा, हिरवा, वाढीला.

१५ जानेवारी

तुरे काढले. काड्यांना हिरवा रंग दिला, पाचट खरवडून काढली. एका पोरानं हंडाभर पाणी ओतून व्हिडिओ काढला, तिन्ही घळयांतून धार जाताना, आणि त्याच नंबरवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही. रात्री दहापर्यंत तोड चालते.